'ळ'वरून काय?

"कमळ," आई म्हणाली आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली.

शब्दसाखळी रंगात आली होती. पाट, टोपी, पीस, सुई, इडली, लिंबू, बदक. शेवटचं अक्षर घ्यायचं, मात्रा कोणतीही चालेल, मनात दहा आकडे म्हणून होईस्तोवर शब्द सांगायचा. माझी भाची तेव्हा सात वर्षांची होती आणि आजीला हरवायचंच या ईर्ष्येनं ओट्यावर पाय हलवत बसली होती. 'कमळ' ऐकलं आणि तिचे पाय थांबले.

"'ळ'वरून काय?"

"'ळ' आला की 'ल' घ्यायचा," आईनं सांगितलं. भेंड्या खेळलेल्या कुणालाही हा नियम माहीत असतो. 'ण' आला की 'न', 'ळ' आला की 'ल'. आम्ही तो लहानपणी न विचारता मान्य केला होता. भाचीनं केला नाही. "का पण? 'ळ'चा शब्द असेलच की!" असं म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या एकेक करून वाचत सुटली. डाळ, गूळ, तांदूळ, तीळ, नारळ. 'ळ' घरभर होता, पण कायम मागे. मधे सापडला तो केळ्यात, भोपळ्यात, सोळ्यात. पुढे कुठेच नाही.

त्या संध्याकाळी तिनं किमान तीस शब्द वाचले असतील. हे मी मुद्दाम नोंदवते आहे, कारण त्याआधीचे चार महिने तिच्याकडून तीन शब्द वाचून घेताना घरात रडारड होत असे.

ती तेव्हा दुसरीत होती. बाराखडी एका दमात म्हणायची, 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत. पण पुस्तकातला 'विमान' हा शब्द समोर आला की बोट ठेवून 'व... वि... मा... न...' असं करत शेवटाला पोचायची आणि वर बघून विचारायची, "काय झालं?" चौथं टोक हाती येईपर्यंत पहिलं निसटलेलं असायचं. वहीत लाल शाईनं शेरा आला होता : 'घरी वाचन करून घ्यावे.' घरी नेमकं काय करून घ्यायचं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग आम्ही तेच केलं, जे सगळी घरं करतात. रोज एक पान, मोठ्यानं, दोनदा. अडलं की "अगं, कालच नाही का सांगितलं?" महिनाभरात तिनं पुस्तक कपाटामागे टाकून द्यायला सुरुवात केली.

कपाटामागून ते पुस्तक काढताना मला फार वाईट वाटलं होतं. मी लिहिण्या-वाचण्यावर पोट भरणारी बाई. माझ्याच घरात वाचनाची भीती शिरली होती आणि ती आम्हीच आणली होती. या लेखाची सुरुवात तिथून झाली. पुढचं वर्षभर मी या विषयातलं मिळेल ते वाचलं, जमेल त्यांना विचारलं आणि घरात करून पाहिलं.

*

हा आमच्या एका घराचा प्रश्न नाही. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं २००५पासून मुलांच्या वाचनाचं 'असर' हे सर्वेक्षण होतं. त्याची पद्धत मला महत्त्वाची वाटते. ही तपासणी शाळेत नव्हे, तर मुलाच्या घरी, त्याच्या अंगणात बसून होते. एक साधा कागद असतो. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्केच मुलं ती दुसरीची गोष्ट वाचू शकली. म्हणजे चार मुलांतली जेमतेम एक. बाकीची तीन मुलं शाळेत जातात, हजेरी लागते, बाराखडीही अनेकांना पाठ असते.

अक्षर येतं आणि वाचता येत नाही, ही फट कुठे आहे?

ती समजून घ्यायला आपल्या लिपीकडे जरा जवळून बघायला हवं. 'घर' हा शब्द घ्या. लिहिताना अक्षरं दोन, घ आणि र. मोठ्यानं म्हणा आणि टाळी वाजवा. टाळी एकच वाजते, कारण शेवटचा 'र' आपण पाय मोडल्यासारखा म्हणतो. 'बदक' लिहिताना तीन अक्षरं, टाळ्या दोन : ब-दक्. 'करवत' चार अक्षरं, टाळ्या पुन्हा दोनच : कर्-वत्. मूल जेव्हा 'ब... द... क...' असं सुटं सुटं, शेवटच्या 'क'वर पूर्ण जोर देत वाचतं, तेव्हा त्याच्या कानावर 'बदक' पडतच नाही. कानावर पडतं ते कोणत्या तरी परक्या भाषेतलं काहीतरी. म्हणून ते विचारतं, काय झालं? डोळ्याला दिसतं ते आणि कानाला ओळखीचं असतं ते, या दोन्हींची गाठ कुणीतरी घालून द्यावी लागते.

त्यात पहिल्या वेलांटीची अडचण. बोलताना आधी 'क', मग 'इ'. लिहिलेलं मात्र उलटं. वेलांटी आधी दिसते, तिच्या मागे 'क'. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही, पण डावीकडून उजवीकडे शिस्तीत बोट नेणारं मूल तिथे अडखळणारच. आणि 'च'? चमचा, चटणी, चाक यांतला 'च' वेगळा, चहा, चंद्र, चिमणी यांतला वेगळा. अक्षर एक, उच्चार दोन. 'चार' म्हणजे आकडा आणि 'चारा' म्हणजे गवत, एका कान्यानं तोंडातली जिभेची जागाच बदलते. वाचणाऱ्याला यातून कोण सोडवतं? त्याचा कान. शब्द आधी कानात असेल तर डोळा चुकला तरी कान हात धरून परत आणतो.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. शब्दांतले आवाज ओळखायला ज्यांना जड जात होतं अशी ६५ मुलं त्यांनी घेतली आणि चार गट केले. पहिल्या गटानं चित्रं घेऊन एकसारख्या आवाजाचे शब्द वेगळे काढण्याचा खेळ खेळला. दुसऱ्यानं तोच खेळ खेळला, शिवाय हातात प्लॅस्टिकची अक्षरं घेऊन. तिसऱ्यानं तीच चित्रं अर्थाप्रमाणे लावली, प्राणी एकीकडे, भांडी दुसरीकडे. चौथ्याला काहीच शिकवलं नाही. दोन वर्षांत एकेका मुलाबरोबर ४० वेळा बसणं झालं. वाचनात सर्वांत पुढे गेला तो दुसरा गट, म्हणजे आवाजाचा खेळ खेळता खेळता अक्षर हाताळणारा.

हा अभ्यास इंग्रजीचा. तो जसाच्या तसा मराठीवर लावता येत नाही, आणि इथेच आपल्याकडे घोळ होतो. इंग्रजी शाळांतून घरी येणारे ध्वनीचे तक्ते इंग्रजीच्या गरजेतून आलेले असतात. तिथे एकेक आवाज सुटा करावा लागतो. आपली लिपी अक्षराची. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर जे काम केलं, त्यातून दिसतं की अशा लिपीत मुलाला आधी अक्षराचा, म्हणजे तोंडातून एका झटक्यात निघणाऱ्या तुकड्याचा अंदाज येतो. एकेक सुटा आवाज पुष्कळ नंतर समजतो. शिवाय अक्षरांची संख्या मोठी असल्यामुळे ती सगळी आपलीशी व्हायला तिसरी-चौथी उजाडते. आपल्या मुलांना वेळ लागतो तो त्यांच्या मंदपणामुळे नव्हे. लिपीच भरघोस आहे.

*

महाराष्ट्रात या प्रश्नाशी झुंजलेली माणसं आहेत आणि त्यांचं काम घराघरांत पोचलेलं नाही याची मला खंत वाटते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं. महागडी परदेशी साधनं बाजूला ठेवून गावातल्या बिया, शिंपले, पानं यांतून शिकवणं उभं राहिलं. त्यातली गाणी, गोष्टी, बडबड ही वाचनाची पूर्वतयारीच होती.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी आणखी नेमक्या जागी बोट ठेवलं. अमेरिकेत जन्मलेली, भाषाशास्त्र शिकलेली ही बाई फलटणमध्ये स्थायिक झाली, भारतीय नागरिक झाली आणि शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांबरोबर काम करू लागली. १९८४ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वाचनपद्धतीचा गाभा सांगायचा तर : वर्णमालेच्या क्रमानं 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत जायचं नाही. थोडी अक्षरं घ्यायची, त्यांच्यासोबत लगेच काना-मात्रा घ्यायची आणि पहिल्या दिवसांतच मुलाच्या हाती खरा, अर्थ असलेला शब्द पडेल असं बघायचं.

वाडा तालुक्यातल्या सोनाळे गावातून नीलेश निमकर आणि 'क्वेस्ट' संस्थेची मंडळी असंच काम करतात. वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथल्या मुलांचा सलग तीन वर्षं माग काढून मराठी-कन्नड वाचनावर केलेला एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. शैलजा मेनन आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. आपल्या वर्गांत मुळाक्षरं आधी, मात्रा पुष्कळ नंतर आणि अर्थ त्याहून नंतर येतो, हे त्यातून ठळक झालं. सहा वर्षांच्या मुलानं इतका काळ अर्थाशिवाय का थांबावं?

मी घरी हे करून पाहिलं. चार गोष्टी घेतल्या, म, क, न आणि काना. एवढ्यातून काय निघतं ते भाचीनंच काढलं : मामा, काका, नाना, नाक, कान, मान, काम, मन, मका, नाका, कमान, मकान. शेवटी तिनं वाक्य केलं, "नाना, मका नका!" आणि लोळून हसली. चार चिन्हांत एक वाक्य, आणि तेही हसवणारं. बाराखडीच्या घोकंपट्टीत असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

*

ही अक्षरं लिहिली ती जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर. पत्रिकेचा कागद जाड असतो आणि मुलाच्या हाताला बरा लागतो. दोन बोटं रुंदीचे चौकोन कापले. मात्रांचं काय करायचं यावर बराच खल झाला. प्रत्येक अक्षराची प्रत्येक मात्रा वेगळी लिहायची म्हटली तर पत्रिका पुरल्या नसत्या. उपाय सापडला मिठाईच्या खोक्यात. झाकणाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे तेवढेच चौकोन कापले आणि त्यांवर काळ्या पेनानं एकेक मात्रा काढली. कार्डावर प्लॅस्टिक ठेवलं की 'क'चा 'का', 'की', 'कू' होतो.

पहिल्या वेलांटीचा गुंता तिथेच सुटला. भाची 'क' ठेवायची, तोंडानं 'क्' म्हणायची, मग प्लॅस्टिक वर सरकवताना 'इ' म्हणायची, आणि वेलांटी तिच्या डोळ्यांदेखत 'क'च्या डाव्या अंगाला जाऊन बसायची. "ही उशिरा येते आणि पुढे घुसते," असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. त्यानंतर 'किती', 'मिठाई', 'विमान' वाचताना तिचं बोट मागे-पुढे झालेलं मी पाहिलं नाही.

याच कार्डांवर आम्ही दुसरा खेळ लावला, अक्षर पळवण्याचा. तीन अक्षरांचा शब्द मांडायचा. एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं एक अक्षर लपवायचं, उरलेलं काय झालं ते ओळखायचं. 'पालक' मांडला. शेवटचं पळवलं तर भिंतीवरची पाल. मधलं पळवलं तर लाडवाचा पाक. दिवाळीचे दिवस होते, गॅसवर खराच पाक होता. आई तो एकतारी झाला का पाहत होती आणि मुलगी जमिनीवर पालकाचा पाक करत होती. 'खारीक'मधून खारी निघते, खाक निघतो. 'काजळ' हा शब्द मला सगळ्यांत आवडतो. कुठलंही अक्षर काढा, शब्द मरत नाही : काज, काळ, जळ. मोठ्या माणसांनीही एकदा करून पाहावं. आपण रोज वापरतो त्या शब्दांच्या आत इतके शब्द राहतात, हे आपल्यालाही ठाऊक नसतं.

उलटी वाक्यंही त्याच दिवसांत आली. 'टेप आणा आपटे' आणि 'रामाला भाला मारा' ही आपण सगळे ऐकत मोठे झालो. त्यांत एक गोष्ट दडलेली आहे. ती उलटी वाचताना आपण अक्षर मात्रेसकट उचलतो. 'मारा' उलटा केला की 'रामा' होतो. काना आपल्या अक्षराला धरून राहतो. मूल न सांगता शिकतं की मराठीत वाचायचा तुकडा हा, एवढा. भाचीनं मग उलटेसुलटे सारखे शब्द गोळा केले, कडक, सरस, नयन, आणि एक दिवस धावत येऊन सांगितलं की 'नवीन'सुद्धा! तो शोध तिचा होता. मी इतकी वर्षं 'नवीन' लिहिते आहे, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

'र'चा लपंडाव हा पेपरचा खेळ. रोजच्या वर्तमानपत्राचं एक पान आणि लाल पेन्सिल. 'र' वेश बदलून फिरतो, त्याला पकडायचं. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर जाऊन बसतो, 'चक्र'मध्ये पोटात तिरका शिरतो, 'ट्रक'मध्ये पायाशी टोपी होऊन पडतो आणि 'दऱ्या'मध्ये आडवी वेलबुट्टी होतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहा, 'दर्या'च्या 'द'वर आघात येतो, 'दऱ्या'त येत नाही. हा फरक व्याकरणात शिकवला तर कंटाळा येईल. पेन्सिल हातात असली की मूल तासभर शोधतं.

*

आता 'च'च्या भाषेबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण ती मला या सगळ्यांत मोलाची वाटते.

आमच्या वाड्यात आम्ही ती फाडफाड बोलायचो. शब्दाच्या पहिल्या व्यंजनाच्या जागी 'च' घालायचा, मात्रा तिथेच ठेवायची आणि हाकललेलं व्यंजन शब्दाच्या शेवटी न्यायचं. 'काय करतोस'चं होतं 'चायक चरतोसक'. 'पाणी दे'चं 'चाणीप चेद'. ठिकठिकाणी नियम थोडे बदलतात. कुठे 'च'ऐवजी 'फ' किंवा 'र' येतो. मोठ्यांना कळू नये म्हणून मुलांनी मुलांसाठी केलेली ही भाषा.

ती बोलताना मूल काय करतं पाहा. 'पाणी' शब्द ऐकतं, त्यातला 'पा' वेगळा काढतं, 'पा'तून 'प' आणि 'आ' वेगळे करतं, 'आ' 'च'ला चिकटवतं, 'प' शेवटपर्यंत लक्षात ठेवतं आणि हे सगळं बोलण्याच्या वेगानं. व्यंजन आणि स्वर सुटे करणं हे आपल्या लिपीत सर्वांत उशिरा जमतं, आणि इथे गल्लीतली पोरं ते क्रिकेट खेळता खेळता करत होती. एकही कागद लागत नव्हता. एकही मोठा माणूस लागत नव्हता.

भाचीला ही भाषा माझ्या बहिणीनं आणि मी मुद्दाम शिकवली नाही. आम्ही दोघी तिच्यासमोर बोलू लागलो. दोन दिवस ती चिडली, तिसऱ्या दिवशी कान देऊन बसली, आठवड्यानं तिनं जेवताना "चातभ चकोन" म्हटलं. भात नको. आईला कळलं नाही आणि भाचीचा चेहरा उजळला. मात्रा ही अक्षरापासून सोडवता येते आणि दुसऱ्याला लावता येते, हे त्या पोरीच्या जिभेला कळलं होतं. त्यानंतर प्लॅस्टिकच्या मात्रा तिच्या हातात झपाझप चालू लागल्या.

*

आमच्या इमारतीखाली इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या ताई आहेत, मूळच्या लातूरकडच्या. त्यांचा मुलगा पहिलीत. माझी कार्डं पाहून त्या म्हणाल्या, "ताई, मी अंगठाबहाद्दर. मी काय शिकवणार त्याला?" पण संध्याकाळी इस्त्री फिरवता फिरवता त्या त्याला आईकडून आलेली हुमणं, म्हणजे कोडी, घालत होत्या. एकामागून एक, आठ-दहा तरी, आणि पोरगा उत्तरं फेकत होता. त्यांना माहीत नव्हतं की या वयात मुलाला लागणारी निम्मी तयारी त्या करून घेत आहेत. शब्दांचा साठा, आवाजाचं भान, नीट ऐकून अर्थ लावण्याची सवय, यांतलं काहीही आईला वाचता येण्यावर अवलंबून नाही. आपल्याकडे जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायकांना कुठे अक्षर येत होतं?

उरलेल्या निम्म्याचं मी त्यांना सुचवलं. कपड्यांच्या गठ्ठ्यांवर त्या खडूनं नंबर घालत. आता गिऱ्हाईकच गठ्ठ्यावर आडनावाची चिठ्ठी लावतं आणि गठ्ठा कुणाचा हे मुलगा सांगतो. कुलकर्णी, शेख, गायकवाड, डिसोझा. 'कुलकर्णी'तला रफार त्यानं दुसऱ्याच आठवड्यात ओळखला, कारण चुकीचा गठ्ठा चुकीच्या घरी गेला असता. वाचण्याला कारण असलं की असं होतं.

त्या ताई कोथिंबिरीला कोथमीर म्हणतात. विदर्भात तिला सांबार म्हणतात, बटाट्याला आलू आणि पेरूला जांब. याचाही आम्ही खेळ केला : तुमच्याकडे याला काय म्हणतात? मुलाच्या घरची बोली अशुद्ध आहे असं त्याला एकदा सांगितलं की त्याचा कान बंद होतो, आणि वाचताना नेमका तोच कान कामी यायचा असतो. वाडा तालुक्यातलं वारली बोलणारं मूल, सिंधुदुर्गातलं मालवणी बोलणारं मूल, घरी कोंकणी आणि वर्गात मराठी ऐकणारं गोव्यातलं मूल, या सगळ्यांना पुस्तकाची भाषा थोडी परकीच असते. घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द शेजारी ठेवावेत, एकाला हाकलून दुसरा आणू नये. परदेशातल्या मराठी शाळांत मुलं 'वेळ'ला 'वेल' आणि 'बाण'ला 'बान' म्हणतात. तिथेही वेल-वेळ, गाल-गाळ, मन-मण अशा जोड्यांची चित्रं काढून पळापळीचा खेळ होऊ शकतो. शब्द ऐकायचा आणि त्या चित्राकडे धावायचं.

गाव-फळ-फूल-नाव हा खेळ वही-पेन लागणारा, म्हणून थोडा उशिरा, तिसरीच्या सुमारास. नवं उत्तर असलं तर दहा गुण, दुसऱ्यासारखंच असलं तर पाच. या पाच गुणांच्या भीतीनं मुलं अवघड शब्द शोधतात. 'प'ला पुणे सगळेच लिहितात, म्हणून भाचीनं एसटी स्टँडवर पाट्या वाचून परांडा, पलूस, पुसद अशी गावं जमवली. गुण देताना एकमेकांच्या वह्या वाचाव्या लागतात, आणि दुसऱ्याचं गिचमिड अक्षर वाचणं ही मोठीच कसरत आहे.

एवढं सगळं करताना आम्ही चुकलोही. एक आठवडा मी खेळाचा तक्ता केला, रोज सात ते साडेसात. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, आज पोट दुखतंय." पोट तसंच दुखायचं, जसं पूर्वी पुस्तक काढलं की दुखायचं. तक्ता फाडला. आता खेळ होतो तो भाजी निवडताना, सिग्नलला, लिफ्ट येईपर्यंत. दहा मिनिटांत संपतो, बहुतेक वेळा तिला अजून हवा असताना. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' हे बंद केलं. चूक झाली तर मी आता गप्प बसते, कारण साखळीत चुकीचं अक्षर आलं की आजी हरकत घेतेच, आणि हरकत ही खेळाडूची असते, मास्तरांची नव्हे.

आणि पुस्तकं? ती अशीच हळूहळू परतली. माधुरी पुरंदऱ्यांची चित्रांनी भरलेली पुस्तकं आणि 'लिहावे नेटके'चे खेळासारखे स्वाध्याय, बालभारतीचं १९७१पासून निघणारं 'किशोर', त्यातली कोडी. मी वाचून दाखवते, मधेच थांबते, ती पुढचा शब्द वाचते. कधी सगळं पान तीच वाचते आणि मला थांबवते.

*

'ळ'चा शोध मात्र संपला नव्हता. शेजारच्या जैन आजींनी मधल्या काळात 'ण'चा प्रश्न सोडवून टाकला. "णमोकार," त्या म्हणाल्या. प्राकृतातला शब्द, त्यांच्या रोजच्या म्हणण्यातला. भाचीनं तो वहीत मोठ्या अक्षरांत लिहिला आणि त्याच्याखाली 'ळ' लिहून पुढची जागा कोरी सोडली. ती कोरी जागा कित्येक महिने तशीच होती.

यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही खाली किल्ला केला. माती, विटा, पोत्याचे तुकडे, अळीवाची हिरवळ. पाट्या लिहायचं काम भाचीचं. आइस्क्रीमच्या काड्यांना कागद चिकटवून तिनं कुणालाही न विचारता लिहिल्या : महादरवाजा, विहीर, धान्याचं कोठार, तोफ. 'कोठार'चा 'ठ' तिनं आधी 'ट' केला, मोठ्यानं वाचला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी सर्वांत वर, बुरुजावर, किल्ल्याच्या नावाची पाटी लावली.

ळमगड.

"असा गड कुठे आहे?" इस्त्रीवाल्या ताईंच्या मुलानं विचारलं.

"हा काय, इथे," ती म्हणाली.

त्या रात्री चकल्या तळताना साखळी सुरू झाली. बराच वेळ चालली. आई हळूच 'कमळ'पाशी आली, नेहमीसारखी.

"ळमगड," भाची म्हणाली.

आईनं झारा कढईच्या काठावर टेकवला. हरकत घ्यावी की न घ्यावी याचा क्षणभर विचार केला. खाली अंगणात पाटी होती, तिनं ती स्वतः वाचली होती.

"ड," ती म्हणाली. "ड... डबा. आण तो इकडे, चकल्या भरायच्यात."